पाण्यातली पनाह

उदयपूरच्या पिछोला तलावात दोन प्रसिद्ध बेटं आहेत आणि दोन्हींवर महाल आहेत. एक जगमंदिर, दुसरं जगनिवास. जगमंदिरावर चारशे वर्षांपूर्वी एका परागंदा शहजाद्याला पनाह मिळाली होती. जगनिवासवर हल्ली पैसे मोजून राहता येतं, कारण तिथं हॉटेल आहे. एका बेटावरून दुसरं समोर दिसतं. गेल्या उन्हाळी सुट्टीत मी आणि माझी अम्मी एका बेटावर रात्रभर राहिलो आणि दुसऱ्यावर दोन तास थांबलो. सांगायचं आहे ते त्या दोन तासांबद्दलच जास्त. पण रात्रीचं सांगितल्याशिवाय ते कळायचं नाही.

मी उर्दू माध्यमाच्या हायस्कुलात इतिहास शिकवते. शहाजहान म्हटलं की मुलं ‘ताजमहल’ म्हणतात आणि गप्प बसतात. २०१७ साली सातवीचं इतिहासाचं पुस्तक बदललं, तेव्हापासून तर मुघलांना त्यात अगदीच थोडी जागा उरली आहे. खुर्रमचं बंड, बापाच्या फौजेला चुकवत त्यानं केलेली वणवण हे सगळं मी ऑफ पिरियडला गोष्ट म्हणून सांगते. मुलांना आवडतं. बापाशी भांडून घर सोडलेल्या पोराची गोष्ट कुठल्या मुलाला आवडणार नाही?

तर उदयपूरला जायचं माझ्या मनात होतंच. पण त्या महागड्या हॉटेलात राहायचं माझ्या मनात कशाला येईल? ते घडवून आणलं माझ्या धाकट्या भावानं. तो दुबईत एसी दुरुस्तीच्या कामावर आहे. अब्बा गेल्यानंतर दोन वर्षांनी तो रजेवर आला आणि त्यानं अम्मीला विचारलं, तुला काय पाहिजे? सोनं, वॉशिंग मशीन, काय? अम्मी म्हणाली, “मेरे कू एक रात पानी के बीच में सोना है.”

हे ऐकून आम्ही हसलो, पण तिचं म्हणणं काही हवेतलं नव्हतं. अम्मीचं माहेर सोलापुरात विजापूर वेशीजवळ. सिद्धेश्वराचा तलाव जवळ आणि त्या तलावाच्या मधोमध मंदिर. माझे नाना संक्रांतीच्या गड्डा यात्रेत बांगड्यांचा स्टॉल लावायचे आणि लहानपणी ही त्यांच्याबरोबर जायची. संध्याकाळी पाण्यात दिवे पडलेले पाहून तिला वाटायचं, रात्री सगळे घरी गेल्यावर तिथं मधे कोण झोपत असेल? साठी उलटली तरी ते तिच्या मनात राहिलं होतं. शिवाय सोलापूरकरांना पाण्याचं किती अप्रूप असतं ते सोलापूरकरालाच कळेल. आमच्या नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांनी पाणी येतं. अम्मीचा अर्धा जन्म पिंप, घागरी आणि पातेली भरण्यात गेला. नळ कधी येणार हे तिला वर्तमानपत्राआधी कळतं.

भावानं मोबाइलवर शोधाशोध केली आणि मे महिन्यात दर उतरलेले असताना एका रात्रीसाठी खोली घेतली. आकडा त्यानं फक्त मला सांगितला. मी माध्यमिक शिक्षणसेवक म्हणून लागले तेव्हा महिन्याला ८००० रुपये मानधन मिळायचं. तशा चार महिन्यांच्या मानधनापेक्षा जास्त रक्कम एका रात्रीची. “आपा, अम्मी को मत बोलना,” असं त्यानं बजावलं होतं. मी अम्मीला अखेरपर्यंत सांगितलं नाही.

सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबई आणि वांद्र्याहून उदयपूरची गाडी. वाटेत मला एकच काळजी होती आणि ती अम्मीच्या बुरख्याची. २०२२ च्या जून महिन्यात याच उदयपुरात एका शिंप्याचा त्याच्या दुकानात गळा चिरला गेला. मारणारे दोघं आपल्या नावांचे होते आणि दीनचं नाव घेऊन त्यांनी ते केलं, त्याचं चित्रण करून पसरवलं. त्या दिवशी आमच्या स्टाफरूममध्ये कुणीही डबा उघडला नव्हता. त्या शिंप्याच्या घरच्यांचं काय झालं असेल हे मनात यायचं आणि पाठोपाठ, आता आपलं काय, हेही यायचं. दुसरा विचार पहिल्याच्या इतका जवळ यावा याची लाज वाटते, पण तो येतो. स्टेशनवर उतरल्यावर मी अम्मीचा हात घट्ट धरला होता. रिक्षावाल्यानं तिला “माँसा” म्हणून हाक मारली, सामान स्वतः चढवलं आणि भाडं मात्र दुप्पट सांगितलं. तेव्हा मला हायसं वाटलं. जगात सगळं नेहमीसारखं चालू होतं.

जगनिवास महाराणा जगतसिंह दुसरे यांनी बांधला. काम १७४३ ला सुरू झालं आणि १७४६ ला संपलं. उन्हाळ्यात राहायचा, मौजेचा महाल. पुढं वापर कमी झाला, पडझड झाली. संस्थानं गेल्यावर एवढे महाल सांभाळायचे कसे हा प्रश्न सगळ्याच राजेरजवाड्यांपुढे होता. महाराणा भगवतसिंहांनी १९६० नंतरच्या वर्षांत त्याचं हॉटेल केलं आणि १९७१ पासून ते ताज समूहाकडे आहे. १९८२ साली जेम्स बाँडच्या एका सिनेमाचं चित्रीकरण इथं झालं आणि तेव्हापासून परदेशी पाहुण्यांची रीघ लागली. संगमरवरी इमारतीनं बेट कडेपर्यंत असं व्यापलं आहे की लांबून जमीन दिसतच नाही, महाल थेट पाण्यावर बसलेला वाटतो. तिथं फक्त हॉटेलच्या पाहुण्यांना, हॉटेलच्याच बोटीनं जाता येतं.

बोट लागली तेव्हा एकजण भरजरी छत्री घेऊन पुढं आला आणि ती त्यानं अम्मीच्या डोक्यावर धरली. अम्मी मागं सरकली. “नको बाबा, मेरे कू आदत है धूप की, तुम लो.” तो हसला, पण छत्री हलली नाही. आत पाऊल ठेवताना वरून गुलाबाच्या पाकळ्या पडल्या. आमच्याकडे पाकळ्या मजारीवर पडतात नाही तर नवरीवर. अम्मीनं चार पाकळ्या वेचून रुमालात बांधून घेतल्या. कागदपत्रं झाली. मी आधार कार्डं पुढं केली, तिथल्या मुलीनं मोठ्यानं नावं वाचली, ‘शेख’ नीट उच्चारलं, मान लववून “खम्मा घणी” म्हणाली आणि किल्ली दिली. नाव वाचणं आणि किल्ली देणं यांच्यामध्ये काहीच घडलं नाही. ते काहीच न घडणं माझ्या लक्षात राहिलं. का, ते पुढं येईल.

खोलीचं वर्णन करत बसत नाही; ते मासिकांतल्या जाहिरातींत असतं. अम्मीला खोलीत दोनच गोष्टी भावल्या. एक खिडकी, जिच्याखाली सरळ पाणी होतं. आणि दुसरा न्हाणीघरातला टब. तिनं नळ सोडून पाहिला, बंद केला, पुन्हा सोडला. “इत्ते में तो पूरी गल्ली नहाती.” टब तिनं वापरला नाही. बादली मागवली. हे तळं आटतंही, हे मी तिला सांगितलं तेव्हा तिला खरं वाटेना. पण २००० नंतरच्या दुष्काळात पिछोला असा कोरडा पडला होता की हॉटेलापर्यंत जीप जायची आणि पाहुणे तळ्याच्या तळावरून महालात यायचे. सिसारमा नदीचं पाणी तळ्यात येतं, पाऊस नसला की नदी नाही आणि नदी नसली की तळं नाही. अम्मी म्हणाली, “मतलब इनका बी नल जाता.” तेव्हापासून तिला तो महाल जरा जवळचा वाटायला लागला असावा.

असरनंतर किबला कुठं हा प्रश्न आला. कुणाला विचारावं लागलं नाही. तळ्याच्या पश्चिमेला डोंगरावर सज्जनगढ आहे, महाराणा सज्जनसिंहांनी १८८४ च्या सुमारास बांधायला घेतलेला. सूर्य त्याच्या मागं उतरताना दिसला आणि अम्मीनं तिकडं तोंड करून जानमाज अंथरली. मग आम्ही खिडकीपाशी बसून डबा सोडला. कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि मुंबईत घेतलेली केळी. खालच्या उपाहारगृहात एका थाळीला जे मागत होते त्यात आमचं परतीचं तिकीट आलं असतं. गालिच्यावर भाकरीचा चुरा सांडला तो अम्मीनं बोटानं टिपून घेतला आणि खिडकीतून माशांना टाकला.

ती इशानंतर लगेच झोपली, पाण्याकडं तोंड करून. मला झोप आली नाही. किल्ली इतक्या सहज मिळाली हेच डोक्यात फिरत होतं.

बी.एड. झाल्यावर मला नोकरी लागली ती दुसऱ्या शहरात. त्याचं नाव सांगत नाही, कारण ते कुठलंही असू शकलं असतं. शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर नवी वसाहत होती आणि तिथं भाड्यानं द्यायच्या खोल्यांच्या पाट्या होत्या. पहिल्या काकूंशी फोनवर बोलले. माझं मराठी ऐकून त्या खूश झाल्या, शिक्षिका म्हटल्यावर आणखी खूश. मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. “यांना विचारून कळवते हं,” म्हणाल्या. अजून कळवलेलं नाही. दुसरीकडं घरमालक भला माणूस होता, त्यानं चहा दिला. म्हणाला, “मॅडम, मला चालतं हो, पण सोसायटीला चालत नाही.” तिसऱ्या घरी मी आधीच सांगून टाकलं की घरात मांसमच्छी शिजवणार नाही. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, “तरी पण.” एवढंच. या ‘तरी पण’चा अर्थ काय, यावर मी अख्खी बस चुकवून विचार केला होता.

सात आठवडे गेले. शेवटी आपल्याच मोहल्ल्यात एक खोली मिळाली, शाळेपासून दोन बस लांब. हेही सांगायला हवं की तिथल्या आपल्या मालकानं सहा महिन्यांचं डिपॉझिट घेतलं आणि वर्षाच्या आत दोनदा भाडं वाढवलं. मला दुसरीकडे कुणी घेणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो जुम्म्याला पहिल्या सफमध्ये असायचा.

म्हणून त्या रात्री वाटलं, ही किल्ली मला मिळाली की भावाच्या पैशाला? पैसा असला की आडनाव चालतं, एवढाच याचा अर्थ असेल तर त्यात गुलाबपाकळ्यांचं काय मोठेपण? अर्थात त्या छत्रीवाल्या मुलाचा यात काही दोष नाही. तो त्याची नोकरी नेकीनं करत होता.

सकाळी बारापर्यंत खोली सोडायची होती. सोडली. मग घाटावरून तिकीट काढून आम्ही सामान्य प्रवाशांच्या बोटीत बसलो आणि जगमंदिरावर उतरलो. उतरल्या उतरल्या दगडी हत्तींची रांग आहे. आत बाग, उपाहारगृह आणि हल्ली श्रीमंतांच्या लग्नांसाठी सजवतात ते चौक. आणि एका बाजूला गुलमहल. तीन मजली, वर घुमट. खुर्रम इथंच राहिला होता असं सांगतात.

गाईडनं ताजमहालची कल्पना शहाजहानला या घुमटावरून सुचली असं सांगायला सुरुवात केली. हे मला पटत नाही. ताजचा पूर्वज शोधायचा तर दिल्लीला हुमायूँच्या मकबऱ्यात जावं लागतं. मी तसं म्हटल्यावर त्यानं विचारलं, कुठून आलात? महाराष्ट्रातून म्हटलं तेव्हा तो हसून म्हणाला, “आपके मराठों ने भी मेवाड़ को बहुत लूटा है.” गोष्ट खरी आहे. १७६९ मध्ये महादजी शिंद्यांनी उदयपूरला वेढा घातला होता आणि लाखोंची खंडणी वसूल केली होती. त्याचा जाब शेख आडनावाच्या बाईला द्यावा लागेल असं मात्र मला कधी वाटलं नव्हतं. खरं सांगते, मला बरं वाटलं. कुणीतरी मला सरळ ‘महाराष्ट्रवाली’ धरून दोष देत होतं.

आता मूळ हकीकत. अकबर आणि राणा प्रताप यांच्यातली हळदीघाटची लढाई १५७६ ची, ती सगळ्यांना माहीत असते. पुढं प्रतापचा मुलगा अमरसिंह मुघलांशी लढत राहिला आणि शेवटी १६१५ मध्ये त्यानं तह केला. तो तह घडवून आणणारा, म्हणजे मेवाडला नमवणारा मुघल सेनापती कोण, तर शहजादा खुर्रम. अकबराचा लाडका नातू. तहात अटी अशा की राण्यानं स्वतः दरबारात यायचं नाही, मुलाला पाठवायचं. चितोड परत मिळेल, पण त्याची डागडुजी करायची नाही. त्याप्रमाणे अमरसिंहाचा मुलगा कर्णसिंह खुर्रमबरोबर अजमेरला गेला. जहांगीरनं आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे की डोंगरात वाढलेला, दरबार कधी न पाहिलेला हा तरुण बुजलेला होता, म्हणून त्याचं मन रमावं यासाठी आपण रोज काहीतरी नवं देत होतो. घोडे, हत्ती, जडावाची शस्त्रं.

आठ वर्षांत फासे उलटले. खुर्रमनं १६२२ मध्ये बापाविरुद्ध बंड केलं, १६२३ मध्ये दिल्लीच्या दक्षिणेला बिलोचपूरला त्याच्या फौजेचा पराभव झाला आणि तो मांडूकडे, दख्खनकडे पळत सुटला. वाटेत मेवाड लागलं. तेव्हा गादीवर होता कर्णसिंह. ज्याचा देश आपण जिंकला त्याच्याच दारात शहजादा उभा राहिला आणि प्रतापच्या नातवानं अकबराच्या नातवाला आत घेतलं. शहेनशहाच्या गुन्हेगाराला ठेवून घेणं ही काही छोटी जोखीम नव्हती.

यात राजकारण नव्हतं असं मी वर्गातही सांगत नाही. उद्या हाच बादशहा झाला तर, हा हिशेब राण्याच्या मनात असणारच. पण कर्णसिंहाचा सख्खा भाऊ भीम खुर्रमच्या बाजूनं लढायला गेला आणि १६२४ मध्ये लढाईत मारला गेला. नुसत्या हिशेबापायी घरचा माणूस इतका पुढं जात नाही.

कर्नल टॉड १८१८ ते १८२२ या काळात इंग्रजांचा एजंट म्हणून उदयपुरात होता. राजस्थानच्या इतिहासावर त्यानं मोठा ग्रंथ लिहिला. त्यात त्यानं इथली परंपरा नोंदवली आहे. खुर्रमला आधी राजवाड्यातच जागा दिली होती. पण त्याच्याबरोबरच्या माणसांनी रजपुतांच्या रीतिरिवाजांची पत्रास ठेवली नाही, तेव्हा त्याची सोय बेटावर करण्यात आली. इमारत सजवली, गालिचे घातले, आणि टॉड लिहितो की चौकात शाह मदार यांच्या नावानं एक छोटं इबादतीचं स्थानही बांधून दिलं. हे मदार म्हणजे मकनपूरचे, ज्यांना आपल्याकडे फकीर लोक अजून मानतात. बेटावर आम्हाला ते कुणी दाखवलं नाही. पण मला हा तपशील फार मोठा वाटतो. पाहुणे आणि यजमान यांचं जमलं नाही, खटके उडाले, रीतिरिवाज आड आले. आणि त्यावर यजमानानं काढलेला तोडगा म्हणजे पाहुण्याला घालवणं नव्हे, त्याला वेगळी जागा आणि त्याचा देव देणं. ‘तरी पण’ म्हणायला कर्णसिंहाला माझ्या घरमालकापेक्षा पुष्कळ जास्त कारणं होती.

गुलमहलच्या पायरीवर बसून हे सगळं मी अम्मीला सांगत होते. मला वाटलं ती भारावून जाईल. ती म्हणाली, “तो क्या हुआ? अलग रखना पड़ता. वो विडीवाली को मैं अलग नई रखी थी क्या?”

ते मी विसरले नव्हते, पण या गोष्टीशी कधी जोडलं नव्हतं. २००२ च्या ऑक्टोबरात सोलापुरात दंगल झाली, संचारबंदी लागली. अम्मी तेव्हा विड्या वळायची. कारखान्यात पानं-तंबाखू आणायला जाणाऱ्यांत तिच्याबरोबर एक तेलुगू बाई असायची. त्या दिवशी ती दोन पोरांसह आमच्या गल्लीत अडकली. बाहेर पोलीस, कोपऱ्यावर आमचीच पोरं दगड गोळा करून बसलेली. अम्मीनं तिला घरात ओढलं आणि कडी लावली. अब्बा काही बोलले नाहीत, फक्त दाराच्या आतल्या बाजूला खाट टाकून झोपले. तीन रात्री ती तिघं आमच्याकडे होती. एका खोलीच्या घरात. बाई भेदरलेली, पहिल्या दिवशी पाणीसुद्धा घेईना. मग अम्मीच्या लक्षात आलं. तिनं कोरं पातेलं काढलं, ते तिच्यापुढंच राख लावून घासलं, एक चूल वेगळी मांडली आणि तांदूळ-डाळ तिच्या हातात देऊन म्हणाली, तू शिजव, तुझ्या हातानं. तीन दिवस आमच्याकडेही गोश्त शिजलं नाही; अर्थात संचारबंदीत ते मिळणारही नव्हतं, असं अम्मी नंतर हसत सांगायची. बाईनं एका कोपऱ्यात भिंतीला तोंड करून हात जोडले तेव्हा अम्मीनं आम्हा पोरांना डोळ्यांनी दटावलं आणि दुसरीकडे बघायला लावलं.

चौथ्या दिवशी अब्बा तिला पोलिसांच्या गाडीपर्यंत पोचवून आले. गल्लीतले काहीजण महिनाभर अब्बांशी बोलत नव्हते.

“वो पतेला अबी बी है घर में,” अम्मी म्हणाली. “तू दूध तपाती उसमें.”

बेटाची पनाह घेण्याची सवय पुढेही राहिली. १८५७ च्या जूनमध्ये नीमचच्या छावणीत उठाव झाला तेव्हा तिथून निसटलेल्या चाळीसेक इंग्रज बायकामुलांना आणि पुरुषांना महाराणा स्वरूपसिंहांनी याच जगमंदिरात ठेवलं. राज्यकर्त्या जमातीलाही कधीतरी दार ठोठवावं लागतं ते असं.

मात्र पनाहची आठवण किती पिढ्या टिकते, याचं उत्तर फारसं चांगलं नाही. आपल्याकडच्या जुन्नरला असताना खुर्रमला बाप गेल्याची खबर मिळाली, ती १६२७ ची अखेर. तो गुजरातमार्गे आग्र्याला निघाला, वाटेत गोगुंद्याला कर्णसिंह त्याला भेटायला आला आणि त्याच वर्षी, १६२८ मध्ये, कर्णसिंह वारला. तोवर सगळं ठीक. पण १६५४ मध्ये राणा चितोडची तटबंदी दुरुस्त करतो आहे म्हणून याच शहाजहाननं सादुल्ला खानाला फौज देऊन पाठवलं आणि ती पाडून टाकली. अट मोडली होती हे खरं; पण ज्या घरात आपण आसरा घेतला त्या घराची भिंत पाडताना त्याला गुलमहल आठवला असेल का? त्याचा मुलगा औरंगजेब तर १६८० मध्ये थेट उदयपुरात फौज घेऊन आला. जगदीश मंदिराची तेव्हा तोडफोड झाली. राजवाड्याकडे जाताना ते मंदिर लागतं, १६५१ चं आहे. मी ते बाहेरून पाहिलं. मुलांना जगमंदिर सांगायचं तर जगदीश मंदिरही सांगावं लागेल. एकच सांगणं हे शिक्षकाचं काम नव्हे, वकिलाचं झालं.

उदयपुरात बोहऱ्यांची मोठी वस्ती आहे, बोहरवाडी. आपल्या वाचकांना परिचित असलेले असगर अली इंजिनिअर १९३९ मध्ये जन्मले ते इथून जवळच्या सालूंबरला, आणि १९७० नंतर दाऊदी बोहऱ्यांमधली सुधारणावादी चळवळ पेटली ती याच शहरात. त्या लोकांवर बहिष्कार पडला. बरात म्हणतात त्याला. सख्ख्या बहिणीच्या घरचं दार बंद, मशिदीचं बंद, मेल्यावर कबरस्तानाचं बंद. दार लावून घेणारे नेहमी दुसऱ्याच धर्माचे असतात अशी समजूत करून घ्यायला मलाही आवडलं असतं, पण बोहरवाडीतल्या त्या अरुंद गल्लीतून जाताना ते जमेना. आपल्या कोपऱ्यावर दगड घेऊन बसलेली पोरंही मला दिसत होती.

‘आसरा’ हा शब्द मराठीत आहे तसा उर्दूतही आहे, जवळजवळ त्याच अर्थानं. मराठीत पाण्यातल्या देवींनाही आसरा म्हणतात, साती आसरा. दोन्ही शब्दांचं मूळ एक नसेल. तरी त्या बेटावर मला तो शब्द सारखा आठवत होता.

गाडी रात्रीची होती. राजवाड्याच्या आवारातलं सरकारी संग्रहालय बघायचं ठरवलं, कारण तिथं खुर्रमची पगडी आहे. परंपरा सांगते की निघताना शहजाद्यानं आणि राण्यानं पगड्यांची अदलाबदल केली. पगडी बदलली की भाऊ झाले. टॉडच्या काळातही ती इथं जपून ठेवलेली होती. आम्ही काचेपुढं उभे राहिलो. अम्मी बराच वेळ वाकून बघत होती. चारशे वर्षांचं कापड, रंग उतरलेला, पेच मात्र तसेच. तिला कापडातलं कळतं, अब्बा गिरणीत होते.

मग तिनं मागं वळून पहारेकऱ्याला विचारलं, “ये तो शहजादे की हुई. राना की जो वो लेके गया, वो किधर रखे?”

पहारेकऱ्यानं नुसती मान हलवली. आम्ही बाहेर आलो. गाडीला अजून तीन तास होते. आवारातल्या नळाला पाणी येत होतं, अम्मीनं रिकाम्या बाटल्या काढल्या आणि एकेक भरून घ्यायला लागली.